‘पर्यावरणपूरक वस्तू घ्याव्यात’ असा शेरा आलाय. निविदेत नेमकं काय लिहायचं?

खरेदीशाखा_टेबल२

नमस्कार. मी एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेत काम करते. पुढच्या वर्षाच्या मागणीचं संकलन माझ्याकडे आहे. छपाईचा कागद, संगणक, प्रिंटर, टोनर, फरशी आणि स्वच्छतागृहांसाठीची द्रावणं, दिवे, असं नेहमीचंच सगळं. फाईल वर गेली आणि एका ओळीचा शेरा घेऊन परत आली: ‘शक्यतो पर्यावरणपूरक वस्तू घ्याव्यात.’ शेरा मला मनापासून पटतो, पण त्यावरून निविदा कशी तयार करायची ते सुचत नाहीये.

लेखा शाखेचं म्हणणं सरळ आहे. तांत्रिक लिफाफ्यात (म्हणजे दर उघडण्याआधी तपासायच्या कागदपत्रांत) जे पात्र ठरले त्यांच्यात ज्याचा दर सगळ्यात कमी, त्याला पुरवठा आदेश. त्यापलीकडे गेलात तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल आणि खुलासा तुम्हीच द्यायचा. दुसऱ्या बाजूला पुरवठादार भेटायला येतात तेव्हा प्रत्येकाच्या माहितीपत्रकावर हिरवं पान छापलेलं असतं. कुणाचा कागद ‘निसर्गस्नेही’, कुणाचं द्रावण ‘शंभर टक्के विघटनशील’. पुरावा मागितला की स्वतःच्याच लेटरहेडवरचं पत्र पुढे करतात.

दर थोडा जास्त पण वीज कमी खाणारी वस्तू नियमात राहून घेता येते का? पुरवठादाराचा दावा खरा की खोटा, हे आमच्यासारख्या तांत्रिक शिक्षण नसलेल्या माणसांनी कसं ओळखायचं? एखाद्या पर्यावरण मानचिन्हाचं नाव निविदेत थेट लिहिलं तर चालतं का? सगळं एकदम जमणार नाही हे दिसतंच आहे, तर सुरुवात कशापासून करावी?

एक ज्येष्ठ सहकारी विचारतात, आपल्या एका कार्यालयाने असं काय मोठं होणार आहे? त्यांना सांगता येईल असं काही कुणाकडे असेल तर तेही लिहा.

भांडार_निवृत्त

ताई, माझी सगळी नोकरी भांडार आणि खरेदीत गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आर्थिक लिफाफा उघडल्यावर आपल्या हातात काही उरत नाही. तिथे फक्त आकडे असतात, आणि त्या टप्प्यावर लेखा शाखा म्हणते तेच खरं. पर्यावरणाचा विचार व्हायला हवा तो त्याच्या कितीतरी आधी, मागणीपत्र आणि विनिर्देश, म्हणजे वस्तू नेमकी कशी हवी याचं वर्णन, लिहिताना. निविदा प्रसिद्ध झाली की ती दारं बंद होतात.

म्हणून आधी साठा नोंदवही काढा. मी भांडाराचा कार्यभार घेतला तेव्हा मागच्या कपाटात टोनरची सीलबंद खोकी रचून ठेवलेली होती. खोक्यावरचा मॉडेल क्रमांक बघून प्रिंटर शोधायला गेलो, तर त्यातले बरेचसे प्रिंटर केव्हाच निर्लेखित होऊन भंगारात गेलेले. शाखा ‘मागील वर्षाप्रमाणे, अधिक दहा टक्के’ असं मागणीपत्र पाठवत होत्या आणि त्याचीच बेरीज निविदेत जात होती. मी मागणीपत्रात दोन रकाने वाढवले: आज हातात शिल्लक किती, आणि वस्तू ज्या यंत्राला लागते त्याचा नोंद क्रमांक. एवढ्यावर मागणी दिसण्याइतकी खाली आली. जी वस्तू घेतलीच नाही तिच्यासाठी झाड तुटत नाही आणि तिच्यावर आक्षेपही निघत नाही. हे काम कुणाच्या परवानगीशिवाय उद्या सुरू करता येतं.

आता निविदा. पर्यावरणाची अट घालायला तिथे तीन जागा असतात: विनिर्देश, गुणांकन (जाहीर निकषांवर दिलेले गुण) आणि कराराच्या अटी. त्यांची गल्लत झाली की भांडणं सुरू होतात.

विनिर्देशात घातलेली अट सगळ्यांना सारखी लागू होते. ती पुरी न करणारा तांत्रिक लिफाफ्यातच बाहेर पडतो आणि उरलेल्यांत न्यूनतम दरवाल्याला काम मिळतं. म्हणजे लेखा शाखेचा नियम जसाच्या तसा राहतो. तुमच्यासाठी हीच जागा सगळ्यात सुरक्षित आहे. एक उदाहरण देतो. अमेरिकेत २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा एक आदेश निघाला. सरकारी खात्यांनी विजेवरची उपकरणं घेताना, ती नुसती जोडून ठेवलेली असताना एक वॅटपेक्षा जास्त वीज घेणार नाहीत अशीच घ्यावीत, आणि तशी बाजारात नसतील तर त्यातल्या त्यात कमी घेणारी घ्यावीत. यात ‘हरित’, ‘निसर्गस्नेही’ असलं काही नाही. एक आकडा आहे आणि तो मीटर लावून कुणालाही तपासता येतो. तुमची अट अशी हवी.

त्या एका वॅटचा हिशेब करून बघा. एक यंत्र नुसतं जोडलेलं असताना दहा वॅट घेतं आणि दुसरं एक वॅट. फरक नऊ वॅटचा. वर्षाचे ८,७६० तास धरले तर एका यंत्रामागे जवळपास ७९ युनिट. कामाचे तास वजा केले तरी रात्री आणि सुट्ट्या उरतातच. अशी शंभर यंत्रं असतील तर हा आकडा टिपणीत लिहा. लेखा शाखेला पर्यावरणाचं प्रवचन द्यावं लागत नाही, वीजबिल तेच लोक मंजूर करत असतात.

दर जास्त पण वीज कमी, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर गुणांकनात किंवा एकूण खर्चाच्या तुलनेत आहे. खरेदीची किंमत, ठरावीक वर्षांची वीज, टोनर आणि सुटे भाग, देखभाल, शेवटी विल्हेवाट, या सगळ्यांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो न्यूनतम. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशात ही जीवनचक्र खर्चाची पद्धत स्वतंत्र कलम घालून दिलेली आहे. तुमच्या नियमावलीत मूल्यांकनाबद्दल काय लिहिलंय ते आधी नीट वाचा आणि वापरण्याआधी वरून लेखी मान्यता घ्या. सूत्र, किती वर्षं धरली, विजेचा दर, रोजचे तास, हे सगळं निविदेच्या कागदपत्रातच छापलेलं हवं. लिफाफे उघडल्यावर सूत्र काढलं तर ते कितीही शास्त्रशुद्ध असो, त्याला पक्षपात म्हणतात आणि तसं म्हणणाऱ्याचं चुकत नाही.

गुणांकनाची सीमा कुठे असते हे समजायला मला दोन निकालांनी फार मदत केली. पहिला हेलसिंकीचा. शहराने १९९७ मध्ये बससेवेची निविदा काढली. ज्या बसमधून नायट्रोजन ऑक्साइड दर किलोवॅट-तासामागे ४ ग्रॅमपेक्षा कमी निघतात आणि जिचा बाहेरचा आवाज ७७ डेसिबलपेक्षा कमी आहे, तिला जादा गुण ठेवले. काम शहराच्याच बस उपक्रमाला मिळालं. दुसरी कंपनी न्यायालयात गेली: तशा गॅसवरच्या बस त्यांच्याखेरीज कुणाकडे नाहीतच, हा भेदभाव आहे. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि २००२ मध्ये निकाल लागला. निकष घेतल्या जाणाऱ्या सेवेशी थेट संबंधित हवा, अधिकाऱ्याला मनमानीची मोकळीक देणारा नको, आधी जाहीर केलेला हवा आणि सगळ्यांना सारखा लागू हवा. एवढं असेल तर तो थोड्याच जणांना पुरा करता येतो म्हणून बेकायदा ठरत नाही.

दुसरा ऑस्ट्रियाचा, २००३ चा. तिथे सरकारी कार्यालयांसाठी वीज घ्यायची होती आणि नवीकरणीय विजेच्या निकषाला एकूण गुणांत ४५ टक्के भार दिला होता. मलाही वाचताना वाटलं होतं की भारच जास्त म्हणून निविदा अडकली असणार. पण ४५ टक्क्यांवर न्यायालयाचा आक्षेप नव्हता. पुरवठादार सांगतो ते खरं का, हे तपासायची सोयच खरेदीदाराने ठेवली नव्हती, तिथे निकष पडला. शिवाय गुण दिले होते ते कार्यालयांच्या गरजेपलीकडे किती नवीकरणीय वीज देता येते यावर, म्हणजे जी वीज विकत घ्यायचीच नव्हती तिच्यावर. मसुदा लिहिताना प्रत्येक अटीसमोर पेन्सिलने ‘कोण तपासणार? कशावरून?’ लिहा. उत्तर नसेल ती अट काढून टाका, मग ती कितीही चांगली वाटो.

कागदाबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक मी तिथे पाहिली आहे. नुसतं ‘रिसायकल्ड कागद’ लिहू नका. गिरणीत कापताना उरलेल्या पट्ट्या पुन्हा लगद्यात घातल्या तरी काही जण त्याला रिसायकल्डच म्हणतात, आणि ते काम गिरण्या स्वतःच्या फायद्यासाठी करतच असतात. आपल्याला हवी असते लोकांनी वापरून टाकलेली रद्दी. अमेरिकेच्या १९९३ च्या आदेशात सरकारी छपाईच्या कागदासाठी हा फरक स्पष्ट केलेला होता: वापरून झालेल्या कागदाचा अंश आधी किमान २० टक्के, आणि १९९८ संपताना ३० टक्के. तुम्हीही असाच टक्का लिहा, ‘वापरोत्तर रद्दीचा’ असं म्हणून. वेष्टनावर बाणांचं त्रिकोणी चिन्ह असेल तर त्यात टक्केवारी आहे का तेही बघा. टक्केवारी असेल तर तेवढा अंश रिसायकल्ड आहे असा दावा होतो. टक्केवारीच नसेल तर ती वस्तू पुढे रिसायकल होऊ शकते, एवढाच अर्थ धरावा.

आणि पांढरेपणाचा हट्ट सोडा. आतल्या टिपण्यांना आरशासारखा शुभ्र कागद लागत नाही. ग्रॅमेजही (चौरस मीटरमागचं कागदाचं वजन) बघा: ८० ऐवजी ७० ग्रॅमचा कागद घेतला की प्रत्येक ताव साडेबारा टक्क्यांनी हलका होतो, आणि प्रिंटरची मूळ सेटिंग दोन्ही बाजूंच्या छपाईची केली की ताव निम्म्यावर येतात. ‘मशीनमध्ये अडकतो’ ही तक्रार येणारच. ती आली की रीम कुठे ठेवली होती ते आधी विचारा. वेष्टन फोडून खिडकीपाशी ठेवलेला कागद दमट होऊन वाकतो, मग तो कुठल्याही लगद्याचा असो. नमुन्याची रीम तुमच्या सगळ्यात कटकट्या मशीनवर, दोन्ही बाजूंनी, सलग चालवून बघा आणि निकाल फाईलला लावा.

लेखापरीक्षण_पथक

वरचं उत्तर चांगलं आहे. आमच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण ‘लेखापरीक्षण आडवं येतं’ असं सगळीकडे ऐकू येतं आणि त्यामुळे चांगली कामं सुरूच होत नाहीत.

मॅडम, पर्यावरणाची अट घातली म्हणून मी आक्षेप काढलेला नाही. आक्षेप निघतात ते पुढच्या कारणांवर. निकष निविदेत नव्हता, तो तुलनात्मक तक्त्यात अचानक उगवला. विनिर्देश एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातून शब्दशः उतरवले. अट घातली, पण माल घेताना कुणी तपासलीच नाही. शेवटचं सगळ्यात वाईट, कारण तिथे जास्त पैसे गेले आणि बदल्यात काय आलं हे कुणालाच सांगता येत नाही.

मानचिन्हाबद्दल विचारलंय. नेदरलँड्समधल्या एका प्रांताने चहा-कॉफीच्या यंत्रांच्या कंत्राटात दोन मानचिन्हांची नावंच घातली होती. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की असं नुसतं नाव घालून चालणार नाही. त्या चिन्हामागचे निकष लिहा, आणि तेच निकष दुसऱ्या मार्गाने सिद्ध करणाऱ्यालाही संधी द्या. दोन वर्षांनी आलेल्या निर्देशात मानचिन्ह मागायची मुभा मिळाली, पण अटी घालूनच. चिन्हाचे सगळे निकष खरेदीच्या वस्तूशी संबंधित हवेत, ते चिन्ह कुणालाही मिळवता येण्यासारखं हवं, आणि समतुल्य चिन्ह स्वीकारलं पाहिजे. मी तुमच्या जागी असतो तर निकष विनिर्देशात लिहिले असते आणि खाली म्हटलं असतं: ‘पुरावा म्हणून अमुक मानचिन्ह, समतुल्य मानचिन्ह किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य धरला जाईल.’

सगळी चिन्हं सारखी नसतात हेही ध्यानात ठेवा. आयएसओ १४०२४ या आंतरराष्ट्रीय मानकात बसणारी चिन्हं तिसऱ्या, स्वतंत्र संस्थेने तपासून दिलेली असतात. जर्मनीचं ‘ब्लू एंजल’ १९७८ पासून आहे, नॉर्डिक देशांचं हंसाचं चिन्ह १९८९ पासून. आयएसओ १४०२१ खाली येतात ते कंपनीने स्वतःबद्दल केलेले दावे. तुमच्या पुरवठादाराचं लेटरहेड या दुसऱ्या ढिगात मोडतं. दावा खरा असू शकतो, पण पुरावा म्हणून त्याचं वजन कमी.

फाईलमध्ये एवढं असू द्या: असा माल देणारे किमान किती जण आहेत याची बाजार पाहणी, निविदापूर्व बैठकीचं इतिवृत्त, एकूण खर्चाचा तक्ता, आणि माल घेतानाचा तपासणी अहवाल. हे असेल तर आमच्या शंकेचं उत्तर तुमच्याऐवजी फाईलच देते.

द्रावण_निर्माता

मी स्वच्छतेची द्रावणं बनवतो, छोटा कारखाना आहे. विकणाऱ्याच्या बाजूने काही सांगू का?

‘विघटनशील’ या दाव्याबद्दल तुमची शंका योग्य आहे. आकड्याशिवाय त्याला अर्थ नाही, वेळ दिला तर पुष्कळ गोष्टी कुजतात. विचारायचं असं: यातला सरफॅक्टंट, म्हणजे मळ सोडवणारा घटक, ओईसीडी ३०१ या विघटन मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत उतरला आहे का? ही चाचणी २८ दिवसांची असते. त्यातल्या ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या पद्धतींत ६० टक्के विघटन व्हावं लागतं, विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजणाऱ्या पद्धतींत ७० टक्के. अहवालात पद्धतीचं अक्षर आणि टक्का दोन्ही दिसले पाहिजेत. फॉस्फेट नको असं वेगळं लिहा, कारण ते सांडपाण्यातून तलावात गेलं की शेवाळ माजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. सोबत १६ विभागांचं सुरक्षा माहितीपत्रक मागा. जो ते देऊ शकत नाही त्याला स्वतःच्या मालात काय आहे ते माहीत नाही, किंवा सांगायचं नाही.

आता माझी कळकळ. निविदेत फक्त महागडं मानचिन्ह मागितलं आणि सात दिवसांची मुदत दिली, तर माझ्यासारखा माणूस पात्रच ठरत नाही. माल चांगला असूनही. प्रमाणपत्राचा खर्च आणि त्याला लागणारा वेळ मोठ्या कंपनीला परवडतो. चाचणी अहवाल चालेल असं लिहिलंत आणि पुढच्या वर्षी कोणती अट येणार आहे हे यंदाच सांगितलंत, तर आम्ही तयारी करून येतो. मी माझ्या फरशीच्या द्रावणाचं सूत्र बदललं ते एका खरेदी अधिकाऱ्याने निविदापूर्व बैठकीत ‘पुढच्या खेपेला फॉस्फेट चालणार नाही’ असं सांगितल्यावर. तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

आणखी एक. लिटरच्या दरावर तुलना करू नका. घट्ट द्रावण महाग दिसतं, पातळ स्वस्त दिसतं. पातळ द्रावण म्हणजे तुम्ही बरंचसं पाणीच प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून, ट्रकने वाहून विकत घेता. वापरायच्या मिश्रणाच्या, म्हणजे बादलीतल्या एका लिटरच्या दरावर तुलना करा. मात्र घट्ट द्रावण घेतलंत तर मापाची टोपी किंवा भिंतीवरचा मोजपंप निविदेतच मागा. मी कितीतरी ठिकाणी बघितलंय, सफाई करणारी ताई अंदाजाने अर्धी बाटली ओतते, कारण तिला माप कुणी दिलेलंच नसतं आणि फेस कमी दिसला की साहेब ओरडतात. मग सगळी बचत गटारात जाते आणि तिच्या हाताची सालं निघतात ती वेगळी. पुरवठा आदेशात प्रशिक्षणाची अट घाला. हायपोक्लोराइट (ब्लीच) आणि आम्लाचं टॉयलेट क्लीनर एकत्र ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो, हे त्या प्रशिक्षणात पहिल्यांदा सांगितलं पाहिजे. पर्यावरण म्हणताना त्या बंद स्वच्छतागृहातली हवा आणि तिथे काम करणारी माणसं आधी डोळ्यांपुढे यावीत असं मला फार वाटतं.

ऊर्जा_विभाग_अभियंता

तुमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ‘एनर्जी स्टार’ हे वीज वाचवणाऱ्या उपकरणांचं मानचिन्ह सुरू केलं तेव्हा ते पूर्णपणे ऐच्छिक होतं. एप्रिल १९९३ मध्ये आदेश निघाला की सरकारी खात्यांनी संगणक, मॉनिटर आणि प्रिंटर या निकषात बसणारेच घ्यावेत. सरकार इतका मोठा गिऱ्हाईक, की कंपन्यांना त्याच्यासाठी एक आणि बाकीच्यांसाठी दुसरं असं वेगळं उत्पादन काढणं परवडण्यासारखं नव्हतं. काम नसताना आपोआप झोपणारा संगणक मग सगळ्यांनाच मिळाला. आज तुमच्या सहकाऱ्यांच्या टेबलावरचा पडदा थोड्या वेळाने काळा होतो ना, त्या सोयीच्या प्रसारात सरकारी खरेदीचा मोठा हात आहे.

युरोपीय संघात सार्वजनिक खरेदी एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) सुमारे १४ टक्के भरते. एकटं कार्यालय छोटं असतं हे खरं. पण जपानने २००० मध्ये हरित खरेदीचा कायदाच केला: प्रत्येक मंत्रालयाने वर्षाचं खरेदी धोरण जाहीर करायचं आणि वर्षअखेर प्रत्यक्ष काय घेतलं ते प्रसिद्ध करायचं. २००१ मध्ये यादीत १०१ वस्तू होत्या, आता त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. तुमच्यासारखीच दुसरी कार्यालयं असतील, त्यांना तुमचे विनिर्देश पाठवा. चार ठिकाणी एकच अट दिसली की पुरवठादार ती गंभीरपणे घेतो.

खरेदीशाखा_टेबल२

तुम्हा सगळ्यांचे खरंच आभार. साठ्याचा रकाना आजच मागणीपत्रात घातला. दोन गोष्टी अजून अडतात. कागदातला रद्दीचा टक्का माल आल्यावर आम्ही तपासायचा कसा? ताव हातात घेऊन तर काही कळत नाही. दुसरं, संगणकांच्या बाबतीत वरिष्ठ म्हणतात की नवे घेताना वीज कमी खाणारे घेऊ, म्हणून जुने सगळे काढून टाका. हे बरोबर आहे का?

भांडार_निवृत्त

ताव बघून कळत नाही हे खरंच आहे, आणि प्रयोगशाळेलाही टक्का नेमका सांगता येणं अवघड असतं. जपानमध्ये २००८ च्या जानेवारीत हेच उघडकीला आलं. नववर्षाच्या टपाल शुभेच्छापत्रांत ४० टक्के रद्दीचा लगदा असायचा ठरला होता, प्रत्यक्षात त्यातला अगदी थोडा अंश होता. मग एकामागून एक कागद कंपन्यांनी आपापल्या मालाबद्दल तसंच कबूल केलं. त्यात कार्यालयांत वापरला जाणारा कागदही होता. कायदा होता, यादी होती, निकष होता. गिरणीच्या दारात जाऊन बघणारं पुरेसं कुणी नव्हतं.

म्हणून टक्का कागदात शोधू नका, गिरणीच्या नोंदींत शोधा. महिन्याला रद्दी किती विकत घेतली, रद्दीचा लगदा किती बनला, त्यातून या प्रतीचा कागद किती निघाला. हे तीन आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. करारात लिहा की या नोंदी पाहण्याचा किंवा तिसऱ्या संस्थेकडून तपासून घेण्याचा अधिकार खरेदीदाराला राहील, आणि दावा खोटा ठरला तर अनामत रक्कम जप्त होऊन पुढच्या निविदांतून बाद केलं जाईल. गिरणीपासून तुमच्यापर्यंतची साखळी तपासणारं स्वतंत्र प्रमाणपत्र असेल तर काम सोपं होतं. त्यावरचा क्रमांक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघा. मुदत संपलेली किंवा दुसऱ्याच प्रतीच्या कागदाची प्रमाणपत्रं मी स्वतः परत पाठवली आहेत.

संगणकांबद्दल मात्र वरिष्ठांना आदरपूर्वक थांबवा. लॅपटॉपसारख्या यंत्राचं आयुष्यभराचं कार्बन उत्सर्जन बघितलं तर त्यातला मोठा हिस्सा ते बनतानाच होऊन गेलेला असतो. चालता लॅपटॉप काढून टाकून नवा घेतला तर विजेत वाचतं त्यापेक्षा बनवण्यात जास्त जातं. आधी मेमरी आणि डिस्क बदलून किती यंत्रं आणखी दोन-तीन वर्षं काढतील त्याची यादी करा. दिवसरात्र चालणाऱ्या, फार वीज खाणाऱ्या जुन्या यंत्रांचा हिशेब वेगळा निघू शकतो, तो मीटर लावून करा.

नवे घ्यायचेच असतील त्यांच्या विनिर्देशात लिहा: मेमरी आणि डिस्क बदलता यावी, बॅटरी साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघावी, सुटे भाग किमान पाच वर्षं मिळतील अशी लेखी हमी असावी. टोनरची पानं किती ते कंपनीच्या जाहिरातीवरून घेऊ नका. काळ्या टोनरसाठी आयएसओ/आयईसी १९७५२ नुसार मोजलेला आकडा मागा आणि पानामागचा खर्च त्यावरून काढा.

निर्लेखित झालेल्या यंत्रांचं काय होणार हे खरेदीच्या करारातच ठरवून घ्या: पुरवठादार परत नेणार का, कुठल्या अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रात देणार, आणि तिथली पोच तुम्हाला किती दिवसांत देणार. डिस्कवरची माहिती नष्ट केल्याचा दाखला वेगळा घ्या. तो नसेल तर माहितीच्या भीतीने संगणक वर्षानुवर्षं एखाद्या खोलीत कोंडून पडतात आणि शेवटी खोली रिकामी करायच्या घाईत भंगारवाल्याकडे जातात. मग तारांतल्या तांब्यासाठी उघड्यावर आग लावली जाते, आणि तो धूर कुणाच्या तरी मुलांच्या छातीत जातो.

सुरुवात कागदापासून करा. प्रमाण मोठं, वस्तू एकच, निकष दोन-तीन ओळींत मावतो. द्रावणांसाठी यंदा निविदापूर्व बैठक घेऊन पुढच्या वर्षीची अट सांगून ठेवा. संगणकांची निविदा यादी तयार झाल्याशिवाय काढूच नका. मसुदा झाला की वस्तू आणि अटी इथे टाका, दर नकोत. आम्ही वाचून सांगू.

लेखापरीक्षण_पथक

नोंदी पाहण्याच्या अधिकाराबद्दल एक सूचना. ही अट फक्त करारात ठेवू नका, निविदेच्या मसुदा करारातही छापा. आदेश दिल्यावर नवी अट घातली तर पुरवठादार ती नाकारू शकतो आणि तेव्हा त्याचं म्हणणं बरोबर असतं. आणि अनामत जप्त करायची असेल तर ‘खोटा दावा’ कशाला म्हणायचं, किती टक्क्यांची तफावत चालेल, हेही तिथेच लिहा.